मामांच्या पेटीचे दोन सूर

कृपाल रणनवरे तंजावूरला आला तेव्हा त्याच्या मिशनचे आठ महिने झाले होते, आणि त्याला तमिळ येत होतं ते जेमतेम जेवण मागण्यापुरतं. वय एकवीस. अंगात पांढरा शर्ट, गळ्यात टाय, खिशावर काळी पाटी. पाटीवर इंग्रजीत ‘एल्डर रणनवरे’ आणि त्याखाली चर्चचं लांबलचक नाव. लोक ज्यांना मॉर्मन म्हणतात त्यांचं हे चर्च. त्यांच्यातली तरुण मुलं दोन वर्षं शिक्षण-नोकरी बाजूला ठेवून चर्च पाठवेल त्या गावी जाऊन राहतात, कायम जोडीनं राहतात, आणि एकमेकांना नावानं न बोलावता ‘एल्डर’ म्हणतात. कृपालचा जोडीदार एल्डर ज्ञानराज कोइमतूरचा होता. एकोणीस वर्षांचा, अंगानं काटकुळा आणि नियमाला पक्का. सकाळी साडेसहाला उठायचं म्हणजे सहा एकतीसही त्याला चालत नसे.

दक्षिण वीदीच्या मागच्या गल्लीत सांबशिव राव नावाच्या गृहस्थांच्या माडीवर त्यांना दोन खोल्या मिळाल्या होत्या. सांबशिव राव पापनाशमच्या तालुका कचेरीतून सर्व्हेअर म्हणून निवृत्त झालेले, बहात्तर वर्षांचे. दोघं बॅगा घेऊन आत शिरले तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावर चढवून कृपालच्या खिशावरची पाटी वाचली.

“रणनवरे? हें तर मराठें नांव. कोठचें?”

कृपालच्या हातातली बॅग जिन्याच्या पहिल्या पायरीवरच राहिली. आठ महिन्यांत समोरासमोर त्याच्याशी कुणी मराठी बोललं नव्हतं.

“नगरचा, काका.”

“काका नको. मज इथें सगळे मामा म्हणतात. विशालाक्षी, बाहेर ये, आमचें माणूस आलें आहे! आणि हें ‘एल्डर’ म्हणजे काय?”

“वडीलधारा.”

“मी बहात्तर वर्षांचा, आणि वडीलधारे तुम्ही?” मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

मामी हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी दोघांकडे नीट पाहिलं आणि कृपालला विचारलं, “घरांत काय म्हणून बोलावतात रे तुला?”

कृपालनं ज्ञानराजकडे पाहिलं. घरचं नाव मिशनवर वापरायचं नसतं. पण ज्ञानराजला मराठी कळत नव्हतं.

“कृपा,” तो हळूच म्हणाला. त्या दिवसापासून मामी त्याला कृपाच म्हणू लागल्या.

मामा-मामींचे पूर्वज मराठे राजांबरोबर इकडे आले, त्याला तीनशेच्या वर वर्षं झाली. घरात भाषा मराठीच, पण ती तमिळच्या चालीवर हेलकावे खात चालायची. देवनागरी वाचता येत नसे. मामांची अभंगांची वही होती ती तमिळ लिपीत. दुपारी ते एखादा शब्द वाचून दाखवायचे आणि अर्थ विचारायचे. कधी कृपालला यायचा, कधी यायचा नाही. यायचा नाही तेव्हा मामांना जास्त आनंद व्हायचा.

पहिल्याच संध्याकाळी मामींनी पितळी पेल्यांतून कॉफी आणली. फेस वरपर्यंत आलेला, वास जिन्यापर्यंत गेलेला. कृपालनं हात जोडले. “मामी, माफ करा. आमच्या चर्चमध्ये चहा-कॉफी घेत नाहीत.”

तंजावूरच्या घरात कॉफीला नाही म्हणणारा माणूस मामींनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा. त्या पेले परत घेऊन गेल्या. दोन दिवसांनी मात्र पुन्हा दोन पेले घेऊन माडीवर आल्या. “सुक्कु कापी,” त्या म्हणाल्या.

ज्ञानराज मागे सरला. नावातच कॉफी होती.

“कापी नुसती नांवाला, रे बाबा. सुंठ, धने, ताडाचा गूळ. त्यांत काय पाप आहे?”

कृपालनं तमिळमध्ये तोडकंमोडकं समजावलं. ज्ञानराजनं पेला नाकाशी धरून बराच वेळ वास घेतला, मग एक घोट घेतला, मग सगळा संपवला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो स्वतःच खाली जाऊन उभा राहिला.

कृपालला मात्र पहिल्या दिवशीचा तो नकार मनात टोचत राहिला. कारण हाच नकार त्यानं एकदा आपल्या घरी दिला होता, आणि तो त्याला फार महागात पडला होता.

त्याचे वडील शांतवन रणनवरे एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक आणि देवळातल्या गायनमंडळाचे मास्तर. नगरकडचे जुने ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात, आणि त्यांच्या देवळात भजनं, कीर्तनं, नाताळची गाणी, सगळं पेटी-तबल्यावर चालतं. कृपाल सहा वर्षांचा असल्यापासून पहाटे बापाशेजारी पेटीला बसत आला होता. साडेपाचला रियाज, सव्वासहाला चहा. आई दोन कप आणून ठेवायची आणि बापलेक मागच्या ओट्यावर बसून, फारसं न बोलता, तो प्यायचे. नोकरीसाठी हैदराबादला गेल्यावर कृपाल या चर्चमध्ये जाऊ लागला, तिथे त्यानं बाप्तिस्मा घेतला, आणि सुटीत घरी येऊन सांगून टाकलं. शांतवन मास्तर त्या संध्याकाळी उठून गायनमंडळाच्या सरावाला निघून गेले. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा रियाज झाला. आईनं कप आणले. कृपाल म्हणाला, “पप्पा, मी चहा सोडलाय. आमच्यात चालत नाही.”

“आमच्यात?” मास्तरांनी विचारलं.

एवढंच. त्यांनी दोन्ही कप उचलून आत नेले आणि त्यानंतर मुलाशी बोलणं बंद केलं. त्या वर्षीच्या नाताळला कृपाल घरी गेला नाही. सुटी मिळाली नाही, असं त्यानं आईला सांगितलं. खरं म्हणजे त्यानं मागितलीच नव्हती. मिशनला निघाला तेव्हा स्टेशनवर आई एकटीच आली. आता दर सोमवारी घरी व्हिडिओ कॉल करायची मुभा होती. आई, सुवार्ताबाई, फोन कपाटाला टेकवून तासभर बोलायच्या. पाठीमागे कधी वडिलांचा खोकला ऐकू यायचा, कधी दार ओढल्याचा आवाज. बापलेकांचं बोलणं बंद होऊन पावणेदोन वर्षं झाली होती.

डिसेंबरच्या मध्याला मार्गळी महिना लागला. त्या महिन्यात इकडे सगळ्या गावाची पहाट लवकर होते. साडेचारला देवळांवरचे भोंगे सुरू, दारोदारी बायका कोलमची रांगोळी काढायला बसलेल्या. कृपाल-ज्ञानराजचा दिवस आपल्या चालीनं जायचा: प्रार्थना, वाचन, मग सायकलवरून चर्चच्या माणसांकडे. माणसं चौदा. कुणाला डॉक्टरकडे न्यायचं, कुणाच्या मुलीला गणित शिकवायचं, कुणी बोलावलं तर बसून बायबल वाचायचं. कुणाच्या दारात न बोलावता जायचं नाही, हा इथला नियम. दर गुरुवारी पापनाशमला कनकलता नावाच्या नर्सबाईंकडे जायचं. त्यांची आई अंथरुणाला खिळलेली होती, तिला उचलून खुर्चीत बसवायला दोन दणकट पोरं लागत.

आणि मामांचं भजन. मार्गळीत रोज पहाटे मामा आणि त्यांचे तीन सोबती आसपासच्या चार गल्ल्यांतून अभंग म्हणत फिरायचे. पूर्वी पंचवीस-तीस माणसं असत, म्हणे. यंदा चौघंच, आणि पेटीही बंद. एकतीस वर्षं पेटी वाजवणारे नटराज उन्हाळ्यात मुलाकडे बेंगळुरूला कायमचे राहायला गेले होते. पेटी ते मामांच्या हवाली करून गेले, आणि नोव्हेंबरच्या ओलीनं तिच्या पट्ट्या अडकू लागल्या.

एका सकाळी खालून एकच सूर येऊ लागला. थांबेचना. भाता बंद होईपर्यंत रडल्यासारखा वाजत राहिला. कृपाल दाढीचा साबण तसाच गालावर घेऊन खाली गेला.

“मामा, पट्टी अडकलीय. लाकूड फुगलंय.”

मामांनी मान वर केली. “तुला पेटी कळते?”

“वडील वाजवतात. मीही वाजवतो.”

मामांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून कृपालला आपण बोललो याचा पश्चात्ताप झाला. “मग उद्यां पहाटे ये!” ते म्हणाले. “आम्हीं चौघे आहों, पांचवा तूं. वैकुंठ एकादशीला तरी पेटी वाजूं दे.”

साबण गालावर वाळत होता. कृपाल मामांच्या समोर जमिनीवर बसला.

“मामा, मला नाही येता येणार. मी माझ्या देवाचं काम करायला म्हणून सगळं सोडून आलोय. तुमच्या भजनात वाजवायचं तर मन लावून वाजवलं पाहिजे. माझं मन तिथे अर्धंच येईल. तसं अर्धंमुर्धं मला तुमच्याकडे यायचं नाही.”

“बरें,” मामा म्हणाले. ते रागावले नाहीत. धोतराच्या सोग्यानं पेटीच्या पट्ट्या पुसत राहिले. पण त्यानंतर दोन दिवस त्यांनी दुपारी वही काढली नाही.

तिसऱ्या दिवशी कृपाल आपणहून खाली आला. “वाजवत नाही, पण दुरुस्त करू का?”

इथे त्याची चूक झाली. दुरुस्ती त्यानं वडिलांच्या हातून शेकडो वेळा होताना पाहिली होती. स्वतःच्या हातानं कधी केली नव्हती. फुगलेली पट्टी कागदानं घासून त्यानं सुटी केली, तिथवर ठीक. पण आणखी एक सूर मुका होता. त्याची पितळी जीभ त्यानं स्क्रू ड्रायव्हरच्या टोकानं उचलायला घेतली आणि ती वाकली. ती सरळ करताना शेजारचीही दबली. आता एका सुराऐवजी दोन सूर गेले. भाता ओढला की त्या जागी नुसती हवा फुसफुसायची.

त्यानं मामांपासून लपवलं नाही. “मामा, बिघडवली मी.”

“होईल,” मामा म्हणाले. ते पेटी घेऊन ऑटोनं एका वीणा करणाऱ्याकडे जाऊन आले. त्यानं उघडून पाहिली आणि सांगितलं की आपलं काम लाकडाचं नि तारेचं, पितळेचं नाही. तिरुचीचा दुरुस्ती करणारा फोन उचलत नव्हता. तारीख तेवीस डिसेंबर. एकादशी आठवड्यावर होती.

“वडिलांना विचार ना,” ज्ञानराज रात्री अंथरूण घालताना साधेपणानं म्हणाला. त्याला घरची गोष्ट माहीत नव्हती. कृपालनं तेव्हा पहिल्यांदा कुणाला तरी ती सांगितली, इंग्रजी आणि तमिळ मिसळून, चहाच्या दोन कपांसकट. ज्ञानराजनं हातातली उशी बाजूला ठेवली. मग म्हणाला, “माझे अप्पा मी सात वर्षांचा असताना गेले. तुझ्या जागी मी असतो तर रोज फोन करून शिव्या खाल्ल्या असत्या.”

नाताळच्या दिवशी सकाळी शिंप्याच्या दुकानावरच्या भाड्याच्या हॉलमध्ये चौदाही माणसं आली. कनकलताबाईंनी कुकरमध्ये केलेला केक पापनाशमहून बसनं मांडीवर घेऊन आणला होता. एका बाजूनं तो खचला होता. कृपालनं छोट्या कीबोर्डवर तमिळ गाणी वाजवली. दुसऱ्या गाण्यात त्याला नगर आठवलं. वडील आता गळ्यात पेटी अडकवून गल्लीगल्लीतून फिरून आले असतील, मागे गायनमंडळ, घराघरातून करंज्यांचं ताट. त्याचा डावा हात चुकला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

नाताळला घरी जादा कॉल करता यायचा. दुपारी तीनला कृपाल फोन घेऊन मामांच्या पुढच्या खोलीत बसला. पेटी उघडी, तिचे सूर ओळीनं बाहेर दिसत होते. आईला विचारायचं आणि आई पप्पांना विचारेल, असं त्यानं ठरवलं होतं.

“आई, पप्पा आहेत?”

“ओट्यावर बसलेत,” सुवार्ताबाई म्हणाल्या. “जेवलास?”

मामा बाजूला आरामखुर्चीत होते. त्यांनी उठून कृपालच्या हातातून फोन सरळ काढून घेतला आणि चेहऱ्याच्या इतका जवळ धरला की नगरला बहुधा नुसतं नाक दिसलं असेल.

“ताई, नमस्कार. सण सुखाचा होवो. मी सांबशिव राव, तंजावूरचा. तुमचा मुलगा माझ्या माडीवर राहतो. तुमच्या यजमानांशीं दोन शब्द बोलणें आहे.”

वयस्क माणसानं बोलावलं आणि गेलो नाही, असं शांतवन मास्तरांच्या हातून होणं शक्य नव्हतं. ते आले. खांद्यावर टॉवेल, चेहरा कोरा. “नमस्कार. बोला.”

“तुमच्या मुलानें माझी पेटी बिघडवली.”

कृपालनं डोळे मिटून घेतले.

“पेटीला हात लावायला कुणी सांगितलं होतं त्याला?” मास्तर एकदम म्हणाले.

“कोणीं नाहीं. पेटी आधींच आजारी होती. त्यानें बरी करूं पाहिली. तुम्हांस ही विद्या येते, असें तो म्हणतो.”

मास्तरांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातात घेतला. मग मास्तरांनी भलतंच विचारलं. “तुम्ही मराठी असंच बोलता?”

“असेंच. घरांत हीच.”

“माझ्या आजोबांकडे जुनं शुभवर्तमान होतं, छापील. त्यातली भाषा अशी होती. ‘मज’, ‘तुम्हांस’, ‘जाहलें’. ते गेल्यापासून मी कुणाच्या तोंडून ऐकली नव्हती.” मास्तरांचा आवाज थोडा सैल झाला. “दाखवा पेटी.”

ज्ञानराजनं पुढे होऊन फोन हातात घेतला आणि कॅमेरा पेटीवर धरला.

“कलकत्त्याची आहे ही. जुनी. चांगला माल आहे,” मास्तर म्हणाले. “ती दुसरी जीभ कुणी दाबली? असू दे. मामासाहेब, त्याला म्हणावं, आधी सुरांची पाटी मोकळी कर. चारी स्क्रू.”

“चारी स्क्रू काढ म्हणतात,” मामांनी कृपालला सांगितलं.

“त्याला म्हणावं, स्क्रू ड्रायव्हर आता लांब ठेव. त्याचं काम संपलं. दाढीचं जुनं ब्लेड घे.”

“जुनें ब्लेड घे म्हणतात.”

फोनचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू येत होता. तरी मामा एकेक वाक्य गंभीरपणे पोचवत होते आणि कृपाल मान हलवत होता. मामींनी स्वयंपाकघराच्या दारात बैठक मारली. ब्लेड आलं. कृपालनं ते जिभेखाली सरकवलं.

“त्याला म्हणावं, अगदी अलगद, नुसता आधार द्यायचा आहे... अरे, उलटं! कृपा, उलटं धरलंयस! धार बाहेर कर, बोट कापून घेशील!”

मामांनी निरोप सांगायला तोंड उघडलं होतं, ते त्यांनी मिटलं.

कृपालनं ब्लेड फिरवलं. “असं, पप्पा?”

“असं. आता नखानं उचल. जीभ खाचेच्या वर राहिली पाहिजे, केसभर. जास्त नको. हं. सोड. वाजव तोंडानं फुंकून.”

कृपालनं पाटी ओठांशी नेऊन फुंकली. सूर आला, खरखरीत, पण आला. मामी दारातून उठून उभ्या राहिल्या.

“उतरलाय,” मास्तर नगरहून म्हणाले. “टोकाशी घास थोडा. बुडाशी नको, आणखी उतरेल. टोकाशी. तुला सांगितलं होतं की मी हे.”

“सांगितलं होतं. लक्ष नव्हतं माझं.”

“लक्ष कधी असतं तुझं!”

पहिला सूर लागायला पाऊण तास गेला. ज्ञानराजचे हात भरून आले. तो फोन या हातातून त्या हातात घेत होता. एकदा त्यानं घड्याळाकडे पाहिलं. कॉलची वेळ केव्हाच संपली होती. त्यानं मनगट वळवून घड्याळ खाली केलं आणि कॅमेरा पुन्हा पेटीवर नेमका धरला.

मधेच मास्तरांना भात्याला गेलेली चीर दिसली. दुसऱ्या सुराला हात घालण्याआधी तिला चामड्याचं ठिगळ लावून ते वाळू द्यायचं होतं. सगळे थांबले. मामींनी सवयीनं पेले आणून ठेवले. ज्ञानराजनं आपल्या नकळत कॅमेरा वर केला, आणि नगरला मास्तरांना मुलगा दिसला: टाय खांद्यावर टाकलेला, हातात वाफाळता पेला.

“कॉफी घेतोस तिथे?” मास्तरांचा आवाज एकदम बदलला.

“नाही पप्पा. काढा आहे. सुंठ नि धन्याचा.”

“तब्येत बरी नाही?”

“बरी आहे. मामी मुद्दाम करतात. मी कॉफी घेत नाही म्हणून.”

मास्तर फोनपासून जरा बाजूला सरले. पडद्यावर त्यांचा अर्धाच चेहरा दिसत होता. मागे सुवार्ताबाई पदराचं टोक हातात धरून उभ्या होत्या.

“तुझ्या आईलाही येतो की काढा,” शेवटी ते म्हणाले. “मला सुचलं नाही. मी म्हटलं असतं तर तिनं केला असता. दोघांनाही.”

कृपालला पेला खाली ठेवावा लागला. “पप्पा, मी ‘आमच्यात’ म्हणायला नको होतं.”

“ते लागलं मला,” मास्तर म्हणाले. “चहाचं नाही. ते लागलं.” मग त्यांनी घसा साफ केला. “ठिगळ बघ. बोटाला चिकटतंय का?”

“नाही.”

“मग घे दुसरा सूर. मामासाहेबांना ताटकळत ठेवू नकोस.”

पाच वाजून गेल्यावर पेटीचं झाकण पुन्हा बसलं आणि ती वाजली. मामांनी स्वतःच भाता मारून एका बोटानं सगळ्या पट्ट्या खालून वर दाबत नेल्या. एकही मुकी नव्हती. मास्तर डोळे मिटून ऐकत होते.

“एकादशीला कशी वाजली, ते कळवा,” ते म्हणाले.

“अवश्य कळवतों,” मामा म्हणाले.

“तुम्ही नाही, मामासाहेब. त्यानं.”

एकादशीच्या पहाटे पेटी कोण वाजवणार, हा प्रश्न उरलाच होता. मामांनी तो कृपालला पुन्हा विचारला नाही. त्याचं उत्तर मामींनी दिलं. “शाळेंत तीन वर्षें शिकलें आहें मी,” त्या म्हणाल्या. “कोणी विचारलेंच नाहीं.” मामांनी आधी पत्नीकडे आणि मग आपल्या तीन सोबत्यांकडे पाहिलं. सोबत्यांपैकी सगळ्यात जुने सत्यनारायण म्हणाले, गल्लीत पेटी वाजल्याशी कारण, कुणाच्या का हातची असेना. चार दिवस मामी दुपारी बसल्या. कृपालनं शेजारी बसून दोन ठिकाणी बोटं बदलून दाखवली. तेवढं त्याच्या मनाला चाललं. त्याला ते शेजारधर्माचं काम वाटलं.

एकादशीला कृपाल आणि ज्ञानराज नेहमीपेक्षा लवकर उठले आणि माडीच्या कठड्याशी उभे राहिले. खाली मामा टाळ घेऊन पुढे, मामी गळ्यात पेटी अडकवून मधे, नवी पिवळी साडी. गल्लीच्या तोंडाशी त्यांची पट्टी चुकली, त्या हसल्या, आणि पुन्हा सुरुवात झाली. पलीकडच्या घरातली एक बाई कोलम अर्धा टाकून त्यांच्यामागे चालू लागली, मग तिची सून. कृपालनं टाळ्या वाजवल्या नाहीत की तोंडानं काही म्हटलं नाही. आवाज वळणावर जाईपर्यंत तो ऐकत उभा राहिला, आणि मग खोलीत येऊन त्यानं आपली प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत त्यानं मामा-मामींची नावं घेतली, आणि बऱ्याच दिवसांनी वडिलांचं नाव घेताना तो अडखळला नाही.

पुढच्या सोमवारी त्यानं फोन लावला. पहिल्याच रिंगला मास्तरांनी उचलला. नगरला थंडी फार आहे, गुडघा दुखतोय, वर्कशॉपमध्ये दोन नवीन गाड्या आल्यात, एवढं सांगून झालं. कृपालनं एकादशीचं सगळं सांगितलं. मामींची पट्टी चुकली तिथे ते हसले.

“नाताळला गाणी घेऊन फिरलो,” मास्तर म्हणाले. “सगळे विचारत होते, मुलगा कुठे असतो.”

“काय सांगितलंत?”

“सांगितलं, देवाच्या कामाला गेलाय. खोटं आहे का?”

“नाही, पप्पा.”

“तुझं चर्च मला पटलेलं नाही. पुढेही पटेल असं वाटत नाही.”

“माहीत आहे.”

“पण बोलत जाऊ,” मास्तर म्हणाले. “आई आली बघ. तिला काहीतरी सांगायचंय.”

आईला सांगायचं होतं ते एवढंच, की बारीक दिसतोस. ते तिनं तीनदा सांगितलं. फोन ठेवून कृपाल उठला तेव्हा ज्ञानराज दारात इस्त्रीला न्यायचे धुतलेले शर्ट पिशवीत भरून उभा होता. कनकलताबाईंची आई सकाळी खुर्चीतून घसरली होती, त्यांचा निरोप आला होता. दोघं घाईनं जिना उतरले, मामांना ओरडून सांगितलं आणि स्टँडच्या दिशेनं निघाले. पापनाशमची बस सुटत होती. कंडक्टरनं त्यांना पाहिलं आणि हात बाहेर काढून ड्रायव्हरला थांबवलं.